जुनी मालमोटार चालू होत नाहीं तेव्हां

आमच्या मासिकांतून बी-बियाणें, खतें, पाणी आणि कीड यांविषयीं पुष्कळ लिहून येतें. परंतु पिकलेला माल ज्या वाहनानें बाजारास जावयाचा, त्या वाहनाविषयीं दोन शब्द क्वचितच लिहिले जातात. शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टांचें मोल शेवटीं लिलावांत ठरतें, आणि लिलावाच्या वेळीं जो माल घरच्या अंगणांतच उभा राहिला त्याचें मोल कोण करणार? म्हणून जुनी मालमोटार ऐन वेळीं चालू न झाल्यास शेतकऱ्यानें स्वतः काय पाहावें, कोणत्या क्रमानें पाहावें, आणि कोठें थांबून मिस्त्रीस बोलवावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यांत अवघड असें फार थोडें आहे. ज्यास बैलाचीं दुखणीं ओळखतां येतात त्यास मालमोटारीचींही ओळखतां येतील. मात्र घाई न करतां लक्षणें पाहण्याची संवय हवी.

प्रथम एक मर्यादा सांगून ठेवतों. टाटा कंपनीनें जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें १९५४ सालीं जमशेदपूर येथें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, आणि १९८६ सालीं त्याच कंपनीची ‘४०७’ ही आटोपशीर गाडी बाजारांत आली. त्या पिढीच्या गाड्यांत डिझेल दाबणारा पंप निव्वळ यांत्रिक असतो, आणि आमचें सर्व विवेचन अशाच जुन्या गाड्यांपुरतें आहे. अलीकडील गाड्यांत, विशेषतः एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकाच्या गाड्यांत, हें काम विजेच्या हुकुमानें चालतें आणि डिझेलचा दाब हजार बारांहून कितीतरी अधिक असतो. खालीं सांगितलेली नळ्या सैल करण्याची रीत त्या गाड्यांवर मुळींच करूं नये.

एका सकाळची हकीकत

निफाड तालुक्यांतील आमच्या खेड्यांत आम्हीं सहा शेतकऱ्यांनीं मिळून एक जुनी मालमोटार घेतलेली आहे. कांहीं वर्षांपूर्वींच्या माघ महिन्यांत तिघांचा रांगडा कांदा तींत भरून आम्हीं ती रात्रीं उतारावर उभी केली होती. रांगडा कांदा उन्हाळ कांद्याप्रमाणें चाळींत महिनोन्‌महिने टिकत नाहीं. तो काढला कीं विकावा लागतो. त्यांत आभाळ भरून आलेलें. लासलगावची सकाळची बोली गांठावयाची म्हणून आम्ही पहांटेसच उठलों. पण गाडी चालू होईना.

इंजिन सुरुवातीस चांगलें झपाट्यानें फिरत होतें, पण पेट घेत नव्हतें. आम्हीं अर्धा तास सेल्फ मारला. हळूहळू बॅटरी मंदावली, आणि अखेरीस किल्ली फिरविली कीं नुसता ‘टक्’ असा आवाज येऊं लागला. सेल्फच बिघडला असावा असा तर्क कोणीतरी केला. आमचा पुतण्या, वय वर्षें एकोणीस, मोठा पाना घेऊन गाडीखालीं शिरला, आणि सेल्फच्या दोन जाड टोकांवर त्यानें तो पाना आडवा धरला.

गाडी उतारावर म्हणून पहिल्या गिअरमध्यें ठेवलेली होती, ही गोष्ट त्या क्षणीं कोणाच्याच ध्यानांत नव्हती. आंत बसणारा किल्ली फिरवितांना प्रत्येक वेळीं क्लच दाबीत असे. परंतु आतां आंत कोणीच नव्हतें. थोड्या विसाव्यानें बॅटरीस शेवटचा जोर आलेला होता. गाडी एकदम वीतभर पुढें सरकली आणि चाकापुढील दगडावर अडली. मुलाचा खांदा चाकापासून चार बोटांवर होता.

गलबला ऐकून शेजारच्या वस्तीवरील एक वृद्ध ड्रायव्हर धांवत आले. गांवांत सर्व त्यांस मामा म्हणतात. त्यांनीं प्रथम पोरास बाहेर ओढलें, गिअर काढला, चारी चाकांस दगड लावविले, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, “अण्णा, इतका वेळ सेल्फ मारलात, पण सायलेन्सरांतून धूर येतो कीं नाहीं, हें कोणी पाहिलंत का?”

कोणीच पाहिलें नव्हतें. मामा पुढें म्हणाले, “धूर नव्हता, म्हणजे डिझेलच पोंचत नव्हतं. डिझेल पोंचत असतं तर गाडी त्याच क्षणीं चालू झाली असती, आणि दगड ओलांडून पोराच्या अंगावरून गेली असती.” ज्या बिघाडाच्या नांवानें आम्ही पहांटेपासून बोटें मोडीत होतों, त्या बिघाडानेंच आमच्या घरचा मुलगा वांचविला होता. त्या दिवसापासून आम्ही हा विषय नीट शिकलों, आणि जें शिकलों तेंच येथें देत आहों.

डिझेल इंजिन कसें पेटतें

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं प्रथम यशस्वी रीतीनें चाललें. त्याचें तत्त्व असें कीं, सिलिंडरांतील हवा पंधरा ते वीस पटींनीं दाबली असतां ती इतकी तापते कीं तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणें येथें ठिणगीची गरज नाहीं. यावरून हें उघड होतें कीं, इंजिन चालू होण्यास तीनच गोष्टी लागतात: इंजिन पुरेशा वेगानें फिरलें पाहिजे, स्वच्छ डिझेल योग्य वेळीं फवारलें गेलें पाहिजे, आणि हवा आंत येऊन नीट दाबली गेली पाहिजे. बिघाड या तिहींपैकीं कोठें आहे हें ठरविणें म्हणजेच निम्मी दुरुस्ती होय.

हात लावण्यापूर्वीं

गिअर न्यूट्रलमध्यें आहे हें स्वतः हातानें हलवून पाहावें. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबूं नये. हँडब्रेक ओढावा व चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड लावावे. गाडीखालीं माणूस असतांना किल्ली खिशांत ठेवावी. पाना अथवा पेंचकस लावून सेल्फ फिरविण्याची युक्ति पुष्कळ ठिकाणीं प्रचारांत आहे. ती सर्वस्वीं टाकून द्यावी. बॅटरीजवळ विडी ओढूं नये व काडी पेटवूं नये, कारण तींतून निघणारा हायड्रोजन वायु स्फोटक असतो.

पहिला प्रश्न: इंजिन फिरतें काय?

पुढील दिवे लावून मग किल्ली फिरवावी व दिव्यांकडे पाहावें. दिवे अगदीं मंद झाले किंवा विझले, तर बॅटरी उतरली आहे, किंवा एखादा सांधा खराब आहे, किंवा इंजिन वा सेल्फ जाम आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि कांहींच आवाज झाला नाहीं, तर किल्लीचा स्विच किंवा सेल्फकडे जाणारी बारीक तार पाहावी. दिवे प्रखर राहून नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर सेल्फच्या सोलेनॉइडचे आंतील संपर्क किंवा सेल्फचे ब्रश झिजले असण्याचा संभव असतो. सेल्फ घरघर फिरतो पण इंजिन जागचें हलत नाहीं, असें असेल तर सेल्फची दांतेरी चकती किंवा फ्लायव्हीलचे दांते झिजलेले आहेत. तें काम मिस्त्रीचें.

आमच्या अनुभवास आलेली गोष्ट अशी कीं, ज्या बॅटऱ्यांस लोक ‘मेली’ म्हणून टाकतात त्यांतील कित्येक केवळ टोकांवरील पांढऱ्या-हिरव्या गंजानें अडलेल्या असतात. टोकें सोडवावीं, कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावीं, कानशीनें घांसून घट्ट बसवावीं व वर पेट्रोलियम जेली लावावी. सोडवितांना ऋण टोक आधीं व जोडतांना तें शेवटीं, हा नियम पाळावा. इंजिन आणि सांगाडा यांस जोडणारी अर्थिंगची पट्टी मातीखालीं दडलेली असते. तीही अवश्य घांसावी. थोडा वेळ सेल्फ मारून सांध्यांस हात लावावा: जो सांधा गरम लागेल तोच चोर समजावा.

बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असतां विसाव्याच्या स्थितींत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ वर ती जवळजवळ निम्मी उतरलेली असते. सेल्फ मारतांना साडेनऊच्या खालीं जात असेल तर ती दुबळी झाली आहे. हायड्रोमीटर असल्यास आम्लाची घनता १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असावी. एकाच कप्प्याची घनता इतरांहून बरीच कमी भरली, तर तो कप्पा गेला असें समजावें.

दुसऱ्या बॅटरीचा आधार घेतांना दोन्ही गाड्या सारख्याच व्होल्टच्या आहेत याची खात्री करावी. कांहीं मोठ्या मालमोटारींत दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. धन टोकास धन जोडावें, आणि ऋण तार शेवटीं, बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर लावावी.

किल्ली फिरवितांच इंजिन ठोकरल्याप्रमाणें एकाएकीं अडलें, आणि गाडी पुरांत किंवा खोल पाण्यांत गेलेली असली, तर सेल्फ पुन्हां मारूंच नये. सिलिंडरांत पाणी शिरलें असेल तर पाणी दाबलें जात नाहीं. जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वांकतो. नोझल काढून पाणी बाहेर काढणें हाच उपाय आहे.

दुसरा प्रश्न: धूर येतो काय?

इंजिन झपाट्यानें फिरतें पण चालू होत नाहीं, अशा वेळीं एका माणसास सायलेन्सरापाशीं उभें करावें. मामांनीं विचारलेला हा प्रश्न सर्व तपासणीचा गाभा आहे.

धूर मुळींच नसेल तर डिझेल सिलिंडरापर्यंत जात नाहीं. टाकींत डिझेल आहे कीं नाहीं हें काडी बुडवून पाहावें. जुन्या गाड्यांच्या कांट्यावर विश्वास ठेवूं नये. त्यानंतर इंजिन बंद करण्याची ओढ-तार पाहावी. ती अर्धवट ओढलेली राहिली किंवा गंजून अडकली, तर पंप डिझेल देत नाहीं. पंपावरील तिचा दांडा हातानें मागें-पुढें हलवून तो ‘चालू’च्या बाजूस पुरता परत येतो कीं नाहीं हें पाहण्यास अर्धें मिनिटही लागत नाहीं, आणि एवढ्यासाठींच कित्येकांनीं पंप उतरविल्याचें आम्हीं पाहिलें आहे. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर नळ्यांत हवा शिरली आहे, किंवा फिल्टर अथवा टाकींतील जाळी तुंबली आहे.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोंचतें पण पेटत नाहीं. याचीं कारणें पुढें दिलीं आहेत. काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते. हवेचा फिल्टर काढून पाहावा.

हवा काढण्याची रीत

आमच्या गाडीचा रोग हाच होता. टाकीपासून फीड पंपापर्यंतची रबरी नळी क्लिपेपाशीं चिरलेली होती. टाकींत डिझेल थोडें, गाडी उतारावर; रात्रभरांत त्या चिरेंतून हवा आंत आली व नळींतील डिझेल टाकींत परत गेलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: ही नळी शोषणाच्या बाजूची असल्यामुळें चीर पडली तरी डिझेल बाहेर गळेलच असें नाहीं, ती हवा आंत ओढते. म्हणून बाहेरून कोरडी दिसणारी नळीही दोषी असूं शकते.

मामांनीं तो दोष एका साध्या प्रयोगानें उघड केला. त्यांनीं फीड पंपाची नळी सोडविली, स्वच्छ डिझेलचा एक डबा पंपाहून उंच धरून दुसऱ्या नळीनें तें डिझेल पंपास दिलें. अशा वेळीं हवा काढल्यावर इंजिन चालू झालें व चालूच राहिलें, तर दोष टाकी आणि पंप यांच्या मधल्या वाटेंतच आहे हें निश्चित ठरतें.

हवा काढण्याचा क्रम असा. टाकी निदान अर्धी भरावी. फिल्टरच्या माथ्यावरील हवा सोडण्याचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करावा. फीड पंपावरील हाताचा दट्ट्या एकसारखा मारावा. प्रथम फेंस व बुडबुडे येतील. अखंड डिझेल वाहूं लागलें कीं दट्ट्या मारीत असतांनाच स्क्रू आवळावा. फिल्टर दोन असतील तर दुसऱ्यासही तसेंच करावें. नंतर मोठ्या पंपावरील स्क्रू सैल करून तेथेंही अखंड डिझेल येईपर्यंत दट्ट्या मारावा. क्रम टाकीकडून इंजिनाकडे, उलट नव्हे. एवढ्यानें बहुधा काम होतें. न झाल्यास नोझलांकडील जाड लोखंडी नळ्यांचे नट एक-एक फेरा सैल करावे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा, आणि नटांतून डिझेलचे ठिपके उडूं लागतांच ते आवळावे. या वेळीं हात व तोंड दूर ठेवावें. जुन्या नोझलांचाही दाब दोनशे बारांच्या आसपास असतो. त्या दाबाची बारीक धार कातडींतून आंत शिरते व वरून जखम टांचणीएवढी दिसली तरी हात गमवावा लागूं शकतो. तसें झाल्यास त्याच घटकेस इस्पितळ गांठावें.

दट्ट्या मारूनही डिझेल येतच नसेल, तर फिल्टर बदलावा व टाकींतील जाळी पाहावी. टाकीच्या झांकणाचें श्वास-छिद्र मातीनें बुजलें असेल तर गाडी चालू होऊन थोड्या वेळानें बंद पडते. झांकण सैल करतांच ती चालूं लागली, तर कारण सांपडलें. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून थोडें डिझेल कांचेच्या भांड्यांत घ्यावें. तळाशीं वेगळा थर दिसला तर तें पाणी होय.

पांढरा धूर येत असेल तर

प्रथम फिरण्याचा वेग पाहावा. मंद फिरणाऱ्या इंजिनांत हवा दाबली जातांना गळून जाते व पुरेशी तापत नाहीं. पहांटेच्या गारठ्यांत जाड झालेलें इंजिन ऑइल हा वेग आणखी कमी करतें. म्हणून बॅटरी चांगली भरून पुन्हां प्रयत्न करावा. ज्या इंजिनांत तापविण्याचे हीटर प्लग असतात त्यांत ते तापतात कीं नाहीं हें पाहावें. मालमोटारींच्या पुष्कळशा इंजिनांत ते नसतात. त्यानंतरचीं कारणें म्हणजे डिझेलमधील पाणी, गळके नोझल, पंपाची चुकलेली वेळ, व्हॉल्व्हचें बिघडलेलें अंतर आणि झिजलेल्या रिंगा. जी गाडी थंड असतां हट्ट करते, ओढून चालू केल्यास चालते, आणि तेल पिते, तिच्या रिंगा व लायनर झिजल्याचा संशय घ्यावा. येथें शेतकऱ्यानें थांबावें व जाणत्या मिस्त्रीकडून सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. नोझल व पंप यांची तपासणी त्यांच्या यंत्रावरच होते. अंदाजानें स्क्रू फिरवून ती होत नसते.

वर्ज्य गोष्टी

सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये व मध्यें निदान अर्धें मिनिट विसावा द्यावा. अन्यथा त्याची गुंडाळी जळते. हवेच्या वाटेवर पेटता बोळा धरण्याची चाल भयंकर आहे. ईथरचा फवाराही झिजलेल्या इंजिनास चटक लावून अखेर त्याचा पिस्टन फोडतो. ट्रॅक्टरनें ओढून चालू करणें यांत्रिक पंपाच्या गाडीस चालतें. परंतु इंजिन बंद असतां ब्रेक व स्टीअरिंग यांस शक्तीची मदत मिळत नाहीं, हें जाणून सपाट व मोकळ्या जागींच तें करावें. आणि डिझेलच पोंचत नसेल तर कोसभर ओढूनही उपयोग नाहीं.

वर्षभराची निगा

रोग झाल्यावर वैद्य शोधण्यापेक्षां पथ्य बरें. गाडी रात्रीं उभी करतांना टाकी शक्य तों भरलेली असावी. रिकाम्या टाकींतील हवेची वाफ थंडींत निवून तिचें पाणी होतें. फिल्टरच्या तळचें पाणी आठवड्यास एकदां काढावें. रबरी नळ्या दर दोन वर्षांनीं, चिरल्या नसल्या तरी, बदलाव्या. त्यांस लागणारा खर्च एका फेरीच्या भाड्यापुढें कांहींच नव्हे. बॅटरीचें पाणी महिन्यास पाहावें व शुद्ध केलेलेंच घालावें. गाडींत एक पेटी असावी: पाने, नळीचा हातभर तुकडा, दोन क्लिपा, तांब्याचे वायसर, एक डिझेल फिल्टर, पंख्याचा पट्टा व जोडणीच्या तारा. तिच्यांतच एक वही ठेवून केलेल्या प्रत्येक कामाची तारीख लिहावी. ज्या गावीं पांच-सहा शेतकरी मिळून गाडी वापरतात, तेथें हंगामापूर्वीं एखाद्या जाणत्या ड्रायव्हरास बोलावून गांवच्या तरुणांसमोर हवा काढण्याची रीत एकदां करून दाखवावी, अशी आमची विनंती आहे. एका सकाळचें काम आहे, व तें वाचून जितकें समजेल त्याच्या दसपट पाहून समजेल.

आमची गाडी त्या दिवशीं अखेर चालू झाली. मामांनीं नळीचा चिरलेला तुकडा कापला, उरलेली नळी घट्ट बसविली, हवा काढली, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या आधारानें इंजिनानें दुसऱ्या फेऱ्यास पेट घेतला. सर्व कामास पाऊण तास लागला. सकाळची बोली हुकली; दुपारीं कांदा विकला गेला तो सकाळपेक्षां उतरल्या भावानें. घरीं परततांना तिघांपैकीं कोणीही त्या तुटीचा शब्द काढला नाहीं. पुतण्या गाडींत आमच्या शेजारीं बसला होता, आणि ज्या दगडावर गाडी अडली तो दगड त्यानें पायांपाशीं ठेवला होता. तो दगड अद्याप त्याच गाडींत आहे, व गाडी उभी केली कीं प्रथम तोच चाकास लागतो.